अंगावरचें कापड व घरांतला हिशेब

कराडच्या बसस्थानकावर सकाळीं दहाच्या सुमारास उभें राहावें आणि कॉलेजकडे निघालेल्या पोरांकडे पाहावें. पाटण खोऱ्यांतून, उंब्रज-मसूरकडून, काल्याकडून आलेलीं हीं पोरें शेतकऱ्यांचीं, गवंड्यांचीं, हमालांचीं. पण कापडावरून कोणाचा बाप कोण हें ओळखतां यावयाचें नाहीं. जीनची विजार, अंगांत टी-शर्ट, पायांत पांढरे बूट. तें पाहून नाक मुरडणारे गृहस्थ पुष्कळ आहेत. बापाच्या अंगावर धड सदरा नाहीं आणि पोराची ऐट पाहा, असें ते म्हणतात. आमचें म्हणणें त्यांच्याहून निराळें आहे, व तें आधींच सांगून टाकतों. कारण पुढें या पोरांनाही आम्हांस चार शब्द ऐकवावयाचे आहेत.

बहुजनसमाजानें अंगभर नीट कापड घातलें कीं ज्यांच्या डोळ्यांत सलतें, त्यांची परंपरा जुनी आहे. जोतीरावांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत कुणब्याच्या अन्नवस्त्राचे हाल मांडले आहेत. पुढें १८८८ सालीं पुण्यांत ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानाच्या समारंभास हेच जोतीराव मुद्दाम कुणब्याच्या वेशांत गेले. उंची पोषाखांच्या त्या मेळाव्यांत खरी रयत कशी दिसते हें राजपुत्राला दाखवावयाचें होतें. डॉ. आंबेडकरांनीं डिसेंबर १९२७ मध्यें महाडास जमलेल्या स्त्रियांना उलट मार्ग सांगितला: अस्पृश्यतेची खूण होऊन बसलेली लुगडें नेसण्याची रीत व अंगावरचे जडजड दागिने टाका, आणि वरच्या म्हणविणाऱ्या वर्गांतील बायकांप्रमाणें नेसा. एकानें फाटकें कापड दाखविलें, दुसऱ्यानें तें टाकावयास सांगितलें. पण कापड हा मानाचा प्रश्न आहे हें दोघांनींही ओळखलें होतें. म्हणून पोराच्या जीनला हसणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं.

आतां हिशेब. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानें ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ या काळांत घरखर्चाची पाहणी केली. तींत खेड्यांतील माणशीं दरमहा खर्च सरासरीनें ४,१२२ रुपये भरला. त्यांत कपडे, अंथरूण-पांघरूण व पादत्राणें यांचा वांटा शेंकडा ६.६३, म्हणजे सुमारें २७३ रुपये. पांच माणसांच्या घराला वर्षाकांठीं हा आंकडा १६,४०० च्या आसपास जातो. आंकडा सबंध देशाचा आहे. कृष्णाकांठीं तो थोडा इकडेतिकडे होईल. आमच्या शेतकऱ्याला रुपयांपेक्षां टन लवकर कळतात, म्हणून असें सांगतों: २०२५-२६ च्या हंगामाला उसाचा सरकारी किमान दर १०.२५ उताऱ्यास टनाला ३,५५० रुपये आहे. तेव्हां साडेचार टनांहून अधिक ऊस, तोही तोडणी-वाहतूक वजा न करतां, नुसता अंगावर व पायांत गेला. शिक्षणावर खेड्यांतल्या घरांचा खर्च याच्या निम्म्याच्या आसपास आहे. सरकारी शाळेला फी पडत नाहीं हें खरें. तरी हा आंकडा वाचून आम्हांस बरें वाटलें नाहीं.

सोळा हजार म्हणजे उधळपट्टी नव्हे. पण पाहणी घराची होते, माणसाची होत नाहीं. त्या घरांत कोणाच्या अंगावर किती गेले हें तींत दिसत नाहीं. तें पाहावयाचें तर माजघरांत जावें लागतें.

पूर्वी आमच्या घरांत रोजचें कापड व सणाचें कापड असे दोनच भाग होते. दिवाळीला एकाच ताग्यांतून साऱ्या पोरांचे सदरे फाडले जात, शिंपी ते वाढत्या अंगाचे शिवी, आणि थोरल्याचा सदरा धाकट्याला येई. आईचें लुगडें विटलें कीं त्याची वाकळ होई. सणाचें जुनें झालें म्हणजे तेंच रोजचें. रोजचें म्हणून कोणी वेगळें विकत घेत नसे. आतां खर्च वाढला आहे तो नेमका या रोजच्या कापडाचा. कॉलेजचा टी-शर्ट निराळा, घरांतला निराळा, झोपण्याची विजार निराळी, व्यायामाची निराळी. शिंप्याकडे मापें द्यावयाचीं तर बापाबरोबर जावें लागे. आतां रात्रीं अंथरुणांत पडून मोबाईलवर बोट दाबलें कीं तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पुडकें दारांत. पैसे नसले तरी अडत नाहीं, हप्ते पाडून मिळतात. बापाचें उसाचें बिल हप्त्यानें येतें आणि पोराचे बूट हप्त्यानें जातात. दोन्ही हप्त्यांच्या तारखा मात्र कधीं जुळत नाहींत. सावकार घरीं येऊन ओसरीवर बसत असे, तेव्हां निदान तो सर्वांना दिसे. हा नवा सावकार पोराच्या खिशांत बसतो आणि बापाला त्याचा पत्ताही नसतो.

आतां बापाकडे पाहा. खताच्या नाहीं तर बियाण्याच्या कंपनीनें फुकट वांटलेला टी-शर्ट घालून तो उसाला पाणी पाजतो. छातीवर कंपनीचें नांव त्याच्याही आहे आणि पोराच्याही. बापाला तें फुकट मिळालें, पोरानें त्यासाठीं दुप्पट-तिप्पट मोजले, एवढाच भेद. आणि आई? तिच्यासाठीं म्हणून कापड विकत घेतलें जातें तें क्वचित्. लग्नकार्यांत आहेर म्हणून आलेल्या, चार घरें फिरून आलेल्या साड्या ती रोज नेसते. बहिणीचा ड्रेस पुढच्या महिन्यावर जातो तो भावाच्या हप्त्यासाठीं. आणि तिनें जीन मागितली कीं घराण्याच्या अब्रूची आठवण सर्वांना एकदम होते. भावाच्या वेळीं ही अब्रू कोठें गेलेली असते?

कराडांत गाडगे महाराजांच्या नांवाचें कॉलेज १९५४ पासून आहे. बाबा स्वतः चिंध्या पांघरीत, आणि कीर्तनांत सांगत कीं पैसा नसेल तर जेवावयाचें ताट मोडा, बायकोला हलक्या भावाचें लुगडें घ्या, पण पोराला शाळेंत घाला. बाबांविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर ठेवून आम्ही विचारतों: काटकसरीची वेळ आली कीं लुगड्यालाच कात्री कां लागावी? धोतरानें काय पुण्य केलें होतें? तथापि त्या काळीं त्या लुगड्याचा पैसा शाळेंत तरी जात होता. याच तालुक्यांतल्या काले गांवीं १९१९ सालीं भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढें साताऱ्याच्या बोर्डिंगांतल्या पोरांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने, शेवटीं मंगळसूत्रही, मोडलें. आमच्या आयांनीं आपल्या अंगावरचें काढून दिलें म्हणून आम्ही शिकलों. आजही ती काढूनच देते आहे. पण तें जातें कोठें, हें त्या पांढऱ्या बुटांकडे पाहून पोरानें स्वतःशींच ठरवावें. तिनें ‘नको’ म्हटलें तें खरें मानण्याची सोय आम्हां पुरुषांनीं फार दिवस करून घेतली आहे.

तेव्हां पोरांनीं पुन्हां लंगोटी लावावी असें आम्ही म्हणत नाहीं. नीट कापड घाला, चांगलें घाला. मात्र या पाडव्यापासून प्रत्येक घरानें एक वही घालावी. घरांत जितकीं माणसें तितकीं पानें करावीं, आणि वर्षभर जें कापड येईल, मग तें दुकानांतून असो कीं मोबाईलवरून, रोख असो कीं हप्त्यानें, ज्याच्या अंगावर गेलें त्याच्या पानावर लिहावें. आहेराच्या साड्या आईच्या पानावर धरूं नयेत. त्या तिच्यासाठीं कोणी घेतल्या नव्हत्या. वही घरांतल्या मुलीच्या हातीं द्यावी. पुढच्या दिवाळीच्या खरेदीस निघण्यापूर्वीं तिनें ती सर्वांदेखत मोठ्यानें वाचावी, आणि ज्याचें पान सर्वांत कोरें निघेल त्याचें कापड त्या दिवशीं पहिल्यानें घ्यावें.