डॉ. अनिता अवचट आणि रुग्णमित्रांची परंपरा

डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ होत्या. महाराष्ट्रातल्या व्यसनमुक्तीच्या कामाला आज जे वळण आहे, त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. ऐंशीच्या दशकात गर्द या अमली पदार्थाने पुण्या-मुंबईची तरुण मुले गिळायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचे पती डॉ. अनिल अवचट यांनी या विषयावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. लेखणी अनिल अवचटांची होती. केंद्र उभे केले आणि चालवले ते अनिताबाईंनी. १९९७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आजारपणातही त्यांनी काम सोडले नव्हते.

त्या काळी दारुड्याकडे पाहण्याच्या दोनच रीती रूढ होत्या: एक तर उपदेश, नाही तर मार. व्यसन हा आजार आहे हे वैद्यकशास्त्राने मान्य केले होते, पण आजारी माणसाला मिळते ती माया व्यसनी माणसाच्या वाट्याला येत नव्हती. अनिताबाईंनी ती दिली. मुक्तांगणमध्ये येणाऱ्याला रुग्णमित्र म्हटले जाते आणि नातेही तसेच राखले जाते. या मायेला शिस्तीची जोड होती. दिनक्रम ठरलेला, आपली कामे आपण करायची, गटात खरे बोलायचे. माया आणि शिस्त एकत्र सांभाळणे हे या क्षेत्रातले सर्वांत अवघड कसब आहे. नवा समुपदेशक बहुधा यांपैकी एकाच बाजूला कलतो.

त्यांच्या वारशातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे बरा झालेला माणूसच पुढच्याचा आधार होतो हा विश्वास. अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा पायाही १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून याच तत्त्वावर घातला गेला. टर्कीत, म्हणजे व्यसन थांबवल्यावर होणाऱ्या त्रासात, तळमळणाऱ्या मुलाशेजारी स्वतः टर्की काढलेला माणूस बसला, की सबबी आपोआप गळतात. मात्र स्वानुभव म्हणजे प्रशिक्षण नव्हे. सोबर, म्हणजे व्यसनमुक्त, झालेल्या कार्यकर्त्याला समुपदेशनाचे शिक्षण लागते, वरिष्ठांची देखरेख लागते, आणि तो स्वतः घसरण्याच्या बेतात असला तर ते बोलून दाखवता येईल अशी जागाही लागते. अनेक केंद्रे ही तिसरी गोष्ट विसरतात.

पुढचा धागा कुटुंबाचा. व्यसनी पुरुषाच्या बायकोने वर्षानुवर्षे उधारी फेडलेली असते, कामावर खोटी कारणे कळवलेली असतात, मार लपवलेला असतो. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालतो. तिचे दुःख नवऱ्याच्या उपचाराचे साधन म्हणून ऐकायचे नसते; ते तिचे स्वतंत्र दुखणे आहे.

शेवटचा धागा उपचारानंतरच्या फॉलोअपचा. येरवड्यावरून जाणारा नगर रस्ता पुढे कोरेगाव भीमाला पोहोचतो.  सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव हा सारा कारखान्यांचा पट्टा याच परिसरातला. अशा भागात पाळ्यांची नोकरी, गावापासून तुटलेले एकटे कामगार आणि पगाराचा दिवस हे तिन्ही धोके एकत्र येतात. आज मुक्तांगणमधले निवासी उपचार ३५ दिवसांचे आहेत; खरी कसोटी छत्तिसाव्या दिवशी घरी लागते. त्यामुळे फॉलोअप तालुक्याच्या, शक्य तर गावाच्या पातळीवर हवा. एका बैठकीसाठी पाळी बुडवून पुण्याला जाणे कामगाराला परवडत नाही. ठरलेल्या वारी शाळेची एक खोली, एक प्रशिक्षित कार्यकर्ता आणि आजूबाजूचे चार-सहा सोबर पुरुष एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

गावपातळीवर काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. पहिली, ‘त्याला न सांगता औषध द्या’ हा सल्ला मानायचा नाही. जेवणात चोरून मिसळायच्या पुड्यांत डायसल्फिरामसारखे औषध असू शकते. त्यावर दारू प्यायली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध रुग्णाच्या माहितीने, संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. दुसरी, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम बंद करायची नाही. शेवटच्या घोटानंतर साधारण दोन-तीन दिवसांत कंप, भास, भ्रम अशी अवस्था येऊ शकते. फिट त्याआधीच, पहिल्या दोन दिवसांतही येते. यात मृत्यूही ओढवतो. ‘देवापुढे शपथ घेऊन सोडली’ असे सांगणाऱ्या माणसाच्या निश्चयाचा मान राखून त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

अनिल अवचट मूळचे पुणे जिल्ह्यातल्या ओतूरचे. २७ जानेवारी २०२२ रोजी तेही गेले. मुक्तांगणची धुरा मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी त्याआधीच स्वीकारली होती. २००९ मध्ये व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा विभागही तेथे सुरू झाला.