मजुरीची घासाघीस

तेलगाव हे बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्याचे गाव. माजलगावहून धारूर-केजकडे आणि बीडहून परळीकडे जाणारे रस्ते येथे एकमेकांना मिळतात. साखर कारखान्यामुळे गळीत हंगामात उसाच्या वाहनांची रीघ लागते. पुढे धारूरचा घाट आहे. उसाच्या ट्रकमागे रखडत हा घाट चढणाऱ्या मोटारचालकाचा डावा पाय क्लचवरून उठत नाही. 'हाफ क्लच'वर केलेल्या या प्रवासाची किंमत कालांतराने गॅरेजमध्ये चुकती करावी लागते.

ती चुकती करताना जी घासाघीस होते, तिचा विचार झाला पाहिजे. ''एक बेअरिंग तर बदलायचे, मग मजुरी एवढी कशी?'' असे आपण विचारतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, अशी आपली तक्रार असते. ती वरकरणी रास्त वाटते. वस्तुतः ती गैरसमजावर उभी आहे.

क्लचचे पेडल दाबले की केबल ताणली जाते वा तेलाचा दाब निर्माण होतो. त्यामुळे फोर्क कलतो आणि रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर दाब देते. मग क्लच प्लेट मोकळी होऊन इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तात्पुरता तुटतो. हे बेअरिंग इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये दडलेले असते. तेथे हात पोहोचण्यासाठी बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. भाग स्वस्त आणि श्रम महाग, हा या रचनेचाच परिणाम होय. मिस्त्रीच्या लोभाचा नव्हे.

म्हणूनच गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वीचे निदान मोलाचे ठरते. गिअर अडखळत पडतो, रिव्हर्स टाकताना खरखर होते, ही लक्षणे केबल सैल झाल्यानेही दिसू शकतात. तेव्हा काम नट फिरवून भागते. पेडल दाबताच घरघर सुरू झाली, तर संशय रिलीज बेअरिंगवर जातो. उलट पेडल सोडलेले असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तेव्हा दोष बहुधा गिअरबॉक्समधील बेअरिंगचा असतो. एकदा गिअरबॉक्स उतरवल्यावर मात्र फोर्कची टोके, त्याचा टेकू, बेअरिंग ज्या नळीवर सरकते ती नळी आणि क्लच प्लेट हे सर्व तपासले पाहिजे. झिजलेल्या फोर्कवर नवे बेअरिंग बसवले, तर ते तिरके चालते आणि अल्पावधीत तेच काम, तीच मजुरी पुन्हा पदरी येते.

परंतु आपला व्यवहार कसा चालतो? सुट्या भागाच्या छापील किमतीबद्दल आपण अवाक्षर काढत नाही. मजुरीसाठी मात्र हटून बसतो. जो मिस्त्री कान देऊन आवाज ऐकतो आणि केबल आवळून गाडी परत देतो, त्याच्या हातावर चहापाण्यापुरते पैसे टेकवतो. जो सरसकट सगळे भाग बदलतो, त्याचे लांबलचक बिल मुकाट्याने भरतो. अशाने प्रामाणिक निदान तोट्याचे आणि भागांची उधळण फायद्याची ठरते. हा धडा मिस्त्रीला आपणच शिकवलेला असतो.

मिस्त्रींचेही उत्तरदायित्व आहेच. काढलेला भाग ग्राहकाला दाखवणे आणि तो का बदलला हे समजावून सांगणे, हा त्यांच्या धंद्याचा रिवाज व्हायला हवा. त्यांना माहिती मिळण्याची सोय शासनानेही पाहिली पाहिजे. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू दिली जात नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि ज्या ज्ञानाला ग्राहकच मोल देत नाही, ते केवळ हक्क मिळाल्याने टिकत नाही.

डॉक्टरांनी औषध न देता नुसते निदान केले, तरी आपण त्यांची फी देतो. शिक्षक आणि कारकून तर स्वतःच जाणतेपणाच्या वेतनावर जगतात. तेलाने माखलेल्या हातांमागेही तसाच जाणतेपणा असू शकतो, हे निदान त्यांनी तरी ओळखावे. पुढच्या वेळी मिस्त्री म्हणाला, ''भाग बदलायची गरज नाही,'' तर त्या वाक्याचे पैसे आधी द्यावेत.