विश्लेषण : पाणी असूनही मोटार हवा का ओढते?

एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की द्राक्षबागेतील नव्या फुटींना पाणी लागते. नेमक्या याच दिवसांत करंजवण, पालखेड, वाघाड, पुणेगाव, ओझरखेड आणि तिसगाव या दिंडोरी तालुक्यातील धरणांची पातळी खाली जात असते. फुटव्हॉल्व्ह पाण्यात बुडालेला असतो, तरीही मोटार मध्येच पाणी सोडते. दोष दर वेळी मोटारीचा नसतो.

हवा शिरते कुठून?

सक्शनच्या तोंडाशी पाणी वेगाने आत ओढले जाते आणि तिथला दाब घटतो. वर फूट-दीड फुटावर मोकळी हवा असते. पाण्याला थोडी फिरकी मिळाली की पृष्ठभागावर बशीसारखा खळगा पडतो. त्याचे शेपूट खाली उतरते, बुडबुडे सुटू लागतात आणि शेवटी तोंडापर्यंत हवेची अखंड नळी तयार होते. पाइपचा सांधा गळत असेल, तर पातळी चांगली असतानाही हवा येते. भोवऱ्याची हवा मात्र पातळी उतरल्यावरच येते.

हायड्रोफॉइल नौकांशी संबंध काय?

या नौकांच्या तळाखाली विमानाच्या पंखांसारखी पाती असतात. वेग घेतल्यावर ती नौकेला पाण्याबाहेर उचलतात. पात्याच्या वरच्या बाजूला दाब कमी असतो. पाते पृष्ठभाग भेदून वर आलेले असेल, तर हवेला खाली उतरायला वाटच मिळते. कोन वाढला की पात्याला चिकटून वाहणारे पाणी सुटते, त्या घुसळलेल्या जागेत हवा शिरते आणि पात्याची उचल एकदम घटते. कॅव्हिटेशनमध्ये पाण्याचीच वाफ होते. इथे बाहेरची हवा आत येते. कमी दाब आणि हवेला वाट, या दोन्ही गोष्टी पंपापाशीही असतात.

पुन्हा पाणी का लागत नाही?

केसी हारवूड, यिन लू यंग आणि स्टीव्हन सेसिओ यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पात्याभोवतीच्या तीन अवस्था मांडल्या : पूर्ण ओली, अंशतः हवा भरलेली आणि पूर्ण हवा भरलेली. हवा एकदा शिरली की वेग किंवा कोन थोडा कमी करून ती जात नाही. तो बराच खाली आणावा लागतो. पंपाचेही तसेच. हवा भरली की पंख्याला पाणी ओढता येत नाही आणि पुन्हा पाणी भरूनच मोटार सुरू करावी लागते.

किती खोली हवी?

अमेरिकेतील हायड्रॉलिक इन्स्टिट्यूटच्या सूत्रानुसार सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी ओढणारे ४ इंची तोंड किमान ४५ सेंटिमीटर बुडालेले हवे. तेवढ्याच पाण्यासाठी ६ इंची तोंड लावले, तर सुमारे ३४ सेंटिमीटर पुरतात. जाळी आणि काठाच्या रचनेनुसार आकडा बदलतो, पण वेग कमी तर खोलीही कमी, हे कायम राहते.

उपाय काय?

तोंड रुंद करणे, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळणे आणि तोंडाच्या वर पाण्यावर तरंगती फळी बांधणे. फळीमुळे भोवऱ्याची फिरकी मोडते. हायड्रोफॉइलच्या पात्यावर हवेची वाट अडवायला आडवी पट्टी बसवतात, तसेच हे. सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र आवळू नये, त्याने दाब आणखी घटतो. फुटव्हॉल्व्ह गाळात टेकवणेही टाळावे. मे महिन्यात काठावर उरलेले हातभर पाणी बागेपर्यंत पोहोचते की तिथेच राहते, हे पुष्कळदा मोटारीच्या ताकदीपेक्षा तिच्या तोंडावर ठरते.