बेंबळीहून पुण्याला, थेट दुसऱ्या वर्षाला



बेंबळीच्या एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. मुलगा धाराशिवला यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. दहावीनंतर घरच्या परिस्थितीमुळे त्याला लातूर-पुण्याला पाठवता आले नाही, म्हणून रोज एस.टी.ने जाऊन-येऊन तो पदविका करतो आहे. आता तो म्हणतो, पुण्याच्या मोठ्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जायचे. वडील म्हणतात, पदविका झाली की कंपनीत लाग, दोन पैसे घरात येऊ दे. ताई लिहितात, "दोघांचेही मला पटते, म्हणून रात्री झोप येत नाही. तुम्ही काय ते सांगा."

ताई, आम्ही प्रथम तुमच्या मालकांची बाजू घेतो. ज्याने सोयाबीनच्या भावावर घर चालवले आहे, त्याला महिन्याचा ठरलेला पगार म्हणजे काय हे आमच्यासारख्या लिहिणाऱ्याने शिकवू नये. पण त्यांना एक गोष्ट बहुधा कोणी सांगितलेली नाही. पदविका झालेल्या मुलाला पदवीसाठी पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागत नाही. तो थेट दुसऱ्या वर्षात जातो आणि तीन वर्षांत अभियंता होतो. त्याला सीईटी द्यावी लागत नाही. पदविकेच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते आणि राज्याच्या सीईटी कक्षामार्फत सर्वांचे प्रवेश एकत्र होतात. पात्रतेला खुल्या वर्गास ४५ टक्के आणि राखीव वर्गास ४० टक्के पुरतात. पण ती नुसती दारात उभे राहण्याची परवानगी समजा. १८५४ साली सुरू झालेले पुण्याचे सीओईपी, १८८७ चे मुंबईचे व्हीजेटीआय, इथे थेट दुसऱ्या वर्षाच्या जागा मोजक्या असतात आणि राज्यभरातली हुशार मुले त्यांच्यावर टपलेली असतात. राखीव जागेसाठीसुद्धा आपल्याच मुलांमध्ये चुरस असते. तेव्हा मुलाला सांगा, पास होण्याच्या हिशेबाने अभ्यास करणाऱ्याने पुण्याचे नाव काढू नये.

आणखी एक सांगा, ते त्याला आज पटणार नाही. पदविकेची मुले वर्कशॉपमध्ये आणि ड्रॉइंगमध्ये इतरांना मागे टाकतात, पण थेट दुसऱ्या वर्षात गेल्यावर गणितात अडखळतात. बाकीच्या मुलांनी पदवीच्या पहिल्या वर्षात दोन सत्रे गणित केलेले असते, आणि शिक्षक तिथून पुढे सुरू करतात. म्हणून पदविकेची शेवटची परीक्षा झाली की प्रवेशाच्या याद्या लागेपर्यंतच्या महिन्यांत पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणिताचे पुस्तक कोणाकडून तरी मागून आणून सोडवावे. जुने चालेल. त्या महिन्यांत लग्नसराईचे मांडव असतात, हे आम्हाला ठाऊक आहे.

आता खरे अवघड काम. ते मुलाचे नाही, तुमचे आणि मालकांचे आहे. ते म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र, ज्याला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. मुलाचे आतापर्यंत जातीच्या दाखल्यावर भागले, पण पदवीच्या राखीव जागेला व्हॅलिडिटी लागते. मुदतवाढ सरकार कधीकधी देते; तिच्यावर बेत बांधू नये.

त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आपल्या घराचा पुरावा शोधावा लागतो. आपला जिल्हा तेव्हा नुकताच निजामाच्या राज्यातून सुटला होता. त्या काळची कागदपत्रे उर्दूत नाहीतर मोडीत. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मिळतो. पण आपल्या किती आजोबांना शाळेची पायरी चढू दिली? मग चुलत आजोबांचा कोणी शिकलेला होता का, महसुलाच्या जुन्या खासरा पत्रकात नाव आहे का, असे एकेक दार ठोठावायचे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे चुलत्याला किंवा चुलत भावाला, आधी व्हॅलिडिटी मिळाली असेल तर तिच्यासारखा पुरावा नाही. भावकीत अबोला असेल तर तो या कामापुरता मोडा.

आणि इथे आपल्या समाजाची एक दुखरी जागा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, आणि त्यानंतर आपल्या स्वाभिमानी बापांनी मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर जात लिहू दिली नाही. नुसते 'बौद्ध' लिहिले. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण समितीपुढे बसले की कारकून विचारतो, मूळ जात कुठे आहे? जी टाकून आलो, तीच कागदावर शोधून आणा म्हणतात. केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती १९९० साली दिल्या, म्हणजे धर्मांतरानंतर चौतीस वर्षांनी. त्या मधल्या काळातली ही गुंतागुंत आपल्या घराघरांत अजून सुटायची आहे. म्हणून आजोबांच्या उताऱ्यावर 'महार' आणि वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' असे दिसले तर घाबरू नका. वंशावळीचे शपथपत्र नीट लिहा, नावांचा आणि आडनावांचा मेळ घाला. एका कागदावर घराण्याचे नाव आणि दुसऱ्यावर गावाचे आडनाव असेल तर तो फरक शपथपत्रात आधीच मांडा. या कामात लाज बाळगू नका. धम्म आपल्या आचरणात असतो, आणि हा अर्ज हक्काचा आहे.

अर्ज मुलाच्या महाविद्यालयाच्या शिफारसपत्रासह जिल्हा समितीकडे जातो. दुसरे वर्ष संपले की लगेच करा. तिसऱ्या वर्षाच्या निकालाची वाट पाहिली की उशीर झालाच म्हणून समजा.

पैशाचे बोलू. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवरून भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते, त्यात शिक्षण शुल्काचा भार हलका होतो. राहण्यासाठी समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज पहिला करा. तिथे जागा मिळाली नाही तर बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे, २०१६-१७ पासूनची. पुण्या-मुंबईसाठी ती वर्षाला ६० हजार रुपये देते; त्यासाठी आदल्या परीक्षेत ५० टक्के लागतात. पण हे पैसे खोलीचे भाडे भरायच्या दिवशी येतात असे समजू नका. पहिल्या चार-पाच महिन्यांचा खर्च घरातून किंवा उसनवारीने उभा करावाच लागेल. मालकांच्या मनातली भीती हीच असणार, आणि ती खोटी नाही.

तरीही जमलेच नाही तर? बाबासाहेबांचे उदाहरण आपण नेहमी भाषणात ऐकतो, पण त्यातली एक गोष्ट क्वचित कोणी सांगतो. १९१६ साली ते कोलंबिया विद्यापीठातून लंडनला गेले, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पण निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालवण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पगारातून पैसे साठवले, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० साली परत गेले. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. मध्ये नोकरी केली म्हणून शिक्षण संपले नाही. कारण परतीची वाट त्यांनी लिहून घेतली होती.

तेव्हा मुलाने एक वर्ष कंपनीत काढले तरी दार बंद होत नाही. जुन्या वर्षी पदविका झालेल्यालाही थेट दुसऱ्या वर्षाचा अर्ज करता येतो. फक्त मधल्या वर्षाचे गॅप सर्टिफिकेट लागते. आमचे मत विचाराल तर गुण चांगले पडले आणि व्हॅलिडिटी हातात आली तर सरळ जाऊ द्या. कंपनीत एकदा पगाराची सवय लागली, घरानेही त्या पगारावर कर्ज उचलले, की परत वर्गात बसणारे फार थोडे. पण व्हॅलिडिटी अडकली किंवा गुण घसरले, तर नोकरी करताना आम्ही त्याला दोष देणार नाही. आणि पुण्याचेच नाव धरून बसू नका. पसंतीक्रमात छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडची महाविद्यालयेही घाला, मात्र मनातले पहिले ते पहिलेच लिहा. पहिली पसंती मिळाली की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नंतर बदल म्हणून चालत नाही.

तुमच्या पत्रात शेवटच्या ओळीत आले आहे की धाकटी मुलगी यंदा दहावीला आहे. तिच्याबद्दल पुढे एक शब्द नाही. तिचेही कागद याच फाइलमध्ये ठेवा. भावाची व्हॅलिडिटी झाली की तिचे काम निम्मे होते. मालकांना घेऊन या सोमवारी आजोबांच्या शाळेत जा, उताऱ्याची नक्कल मागा, आणि त्यावर काय लिहिले आहे ते आम्हाला जसेच्या तसे कळवा.