पर्यटकांच्या बोटी पावसाळ्याआधी किनाऱ्यावर ओढण्याचं गणित का बिघडतंय?

२०२५ च्या मे महिन्यात पावसाने कोकणातल्या बोटमालकांना गाठलं. २४ मे रोजी मान्सून केरळमध्ये पोहोचला आणि त्याच दिवशी अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र तीव्र होऊन रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. दोनच दिवसांत, २६ मे रोजी, मान्सून मुंबईत दाखल झाला. नेहमीच्या तारखेपेक्षा १६ दिवस आधी, आणि १९५० नंतर सर्वात लवकर.

योगायोग असा, की २६ मे हीच तारीख कोकणातल्या जलपर्यटनासाठी महत्त्वाची असते. पॅरासेलिंग, बनाना राइड, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या फेऱ्या, गेटवे ते मांडवा अशी बोटसेवा हे सगळं साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात बंद ठेवलं जातं. म्हणजे कागदावरचा पावसाळा सुरू झाला, तेव्हा समुद्र खवळून दोन-तीन दिवस होऊन गेले होते.

गाडी असती तर गॅरेजमध्ये लावून मोकळं होता आलं असतं. बोटीचं तसं नाही.

बोट बाहेर काढायला दिवस का शोधावा लागतो?

कोकणात पर्यटकांना फिरवणाऱ्या बहुतेक छोट्या बोटी फायबरच्या असतात आणि त्यांना मागे आउटबोर्ड इंजिन लावलेलं असतं. अशी बोट पाण्याबाहेर काढायची जुनी पद्धत अजूनही चालते. भरतीला बोट जितकी वर आणता येईल तितकी आणायची, मग खाली लाकडी ओंडके टाकत माणसांनी, ट्रॅक्टरने किंवा जेसीबीने ती वाळूवर ओढायची. पावसाळी लाटा नेहमीच्या भरतीच्या रेषेच्या बऱ्याच वर येतात, त्यामुळे बोटीलाही तितकं वर न्यावं लागतं. यात सर्वात मोठी मदत उधाणाच्या भरतीची होते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास, विशेषतः त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, पाणी सर्वात वर चढतं आणि ओढायचं अंतर कमी होतं.

आता २०२५ चं पंचांग पाहा. १२ मे रोजी पौर्णिमा होती आणि २७ मे रोजी अमावास्या. पौर्णिमेच्या उधाणाला बोट काढायची, तर मे महिन्याच्या सुट्टीतले दोन आठवडे सोडून द्यायचे. ज्यांचा वर्षाचा धंदा दिवाळी, नाताळ आणि मे या तीन सुट्ट्यांवर चालतो, त्यांच्याकडून ही अपेक्षा करणंच चूक आहे. अमावास्येच्या उधाणाची वाट पाहणं हाच व्यवहारी निर्णय होता. पण वादळी हवामान त्याआधी तीन दिवस येऊन थडकलं. दोष मालकांच्या आळसाचा नव्हता.

त्यात भर पडते मच्छीमारांच्या बोटींची. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते. त्यामुळे मासेमारी नौका आणि पर्यटन बोटी जवळपास एकाच आठवड्यात किनाऱ्याला लागतात. वाळू तीच, ट्रॅक्टर तोच आणि ओढायला येणारी माणसंही तीच.

किनाऱ्यावर आली म्हणजे सुटली?

थंड देशांमध्ये हौशी मोटरबोटी हिवाळ्यासाठी उचलून ठेवतात. तिथे मुख्य भीती गोठण्याची. पाणी गोठताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि इंजिनात राहिलेलं पाणी ओतीव लोखंडालाही तडा देऊ शकतं. म्हणून इंजिनातलं पाणी काढून न गोठणारं द्रावण भरतात. कोकणात गोठण्याचा प्रश्नच नाही. इथे बोट मारतात ते पाऊस, मीठ आणि दमट हवा.

पावसाचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर १ मिलीमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद बोट उघडी राहिली आणि दिवसभरात १०० मिलीमीटर पाऊस झाला, तर तिच्यात एक टनाहून जास्त पाणी साचू शकतं. कोकणात असे दिवस पावसाळ्यात अनेक येतात. हे वजन पेलण्यासाठी बोटीचा तळ बनवलेलाच नसतो. पाण्यावर असताना बोटीचं वजन सगळ्या बुडावर सारखं वाटलं जातं. जमिनीवर ते दोन-चार टेकूंवर येतं आणि टेकू चुकीच्या जागी असतील तर फायबरला चिरा पडतात. म्हणून वजन मधल्या कण्यावर घ्यायचं, बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळण्यापुरते, नाळ थोडी उंच ठेवायची आणि मागचं बूच काढून टाकायचं, म्हणजे आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं.

पूर्वी होड्या माडाच्या झापांनी शाकारत, आज ताडपत्री वापरतात. झापांमधून हवा खेळायची. ताडपत्री घट्ट आवळली की आत वाफ कोंडते, गाद्यांना बुरशी लागते, वायरिंग गंजतं. आत उंच काठी घालून ताडपत्रीला छपरासारखा उतार देणं आणि दोन्ही टोकांना वाऱ्याला वाट ठेवणं, एवढं पुरतं. शिवाय रिकामी बोट हलकी असते, ती जमिनीला बांधली नाही तर वादळात उलटते.

इंजिन काढून घरात ठेवण्याआधी गोड्या पाण्यावर चालवून आतलं मीठ धुवावं लागतं. हे बहुतेकांना माहीत असतं. नवीन अडचण पेट्रोलची आहे. देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढून घेतं. बोटीच्या टाकीला हवा आत-बाहेर जाण्यासाठी वाट असते आणि कोकणातली पावसाळी हवा तीन महिने बाष्पाने भरलेली असते. पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. इंजिन इंधन ओढतं तेही तळातूनच. रोज चालणाऱ्या मोटारसायकलमध्ये हे सहसा घडत नाही, कारण पेट्रोल तितके दिवस टिकतच नाही. बोटीची सुटी टाकी असेल तर ती रिकामी करून कोरडी ठेवणं आणि इंजिनातलं उरलेलं पेट्रोल संपवणं हा सरळ उपाय आहे. सप्टेंबरमध्ये इंजिन सुरू होत नाही तेव्हा मेकॅनिक कार्ब्युरेटर साफ करून देतो, पण कारण टाकीतच राहतं.

तारीख बदलून भागेल का?

दरवर्षी २०२५ सारखा मे येईल असं नाही. पण अरबी समुद्राचा कल स्पष्ट आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. तौक्ते १६ आणि १७ मे २०२१ ला कोकणालगत सरकलं. दोन्ही वादळं बोटी काढण्याच्या हंगामातली.

बंदी आठ-दहा दिवस आधी आणली तर धोका कमी होईल, पण त्याची किंमत पूर्णपणे बोटवाल्यांच्या खिशातून जाईल. त्यापेक्षा बोट कोणत्याही दिवशी, काही तासांत बाहेर काढता येणं जास्त महत्त्वाचं. त्यासाठी सात-आठ मीटरला एक मीटर अशा उताराचा पक्का स्लिपवे, सामायिक ट्रेलर आणि वर बोटी ठेवायला जागा लागते. स्लिपवेचं टोक ओहोटीच्या पाण्यापर्यंत पोहोचत असेल तर उधाणाची गरज उरत नाही. कोकणात गेल्या काही वर्षांत जेट्टी झाल्या, पण जेट्टी माणसं चढवण्या-उतरवण्यासाठी असते, बोट उचलण्यासाठी नाही. सीआरझेडच्या नियमांत अशा सोयींना वाट आहे, मात्र परवानगी एकट्या बोटमालकाच्या आवाक्यातली नाही. ते काम सागरी मंडळाने किंवा पर्यटन खात्यानेच हाती घ्यावं लागेल. आणि वाळूवर दरवर्षी जेसीबी फिरवण्यापेक्षा एका जागी पक्का उतार बरा. वेळास, आंजर्ले इथे त्याच वाळूत कासवांची घरटी असतात.

२०२६ मध्ये अमावास्या १६ मे रोजी आहे आणि पौर्णिमा ३१ मे रोजी. २६ मेच्या आसपास उधाण नाहीच. म्हणजे १७-१८ मेला, सुट्टी ऐन भरात असताना बोट बाहेर घ्यायची, किंवा बंदी लागल्यानंतरही मेअखेरीच्या भरतीपर्यंत ती पाण्यात उभी ठेवायची, असे दोनच पर्याय ओंडक्यांवर बोट ओढणाऱ्यांपुढे असतील.