दारात कोण उभं आहे?

मागच्या आठवड्यात ऑफिसच्या एका ऑनलाइन परिषदेला हजेरी लावली. (लावावी लागली. मॅनेजर ‘ऑप्शनल’ म्हणतो तेव्हा ते किती ऑप्शनल असतं, हे तुम्हाला सांगायला नकोच.) लिंक उघडली तर समोर चकचकीत काचेची इमारत. आत संगमरवरी फरशी, कुंड्या, रिसेप्शन डेस्क आणि डेस्कमागे चित्रातली हसरी बाई. वर ‘वेलकम टू द लॉबी’ असा फलक. कोपऱ्यात आकडा: ३१२ जण हजर. मी कौतुकाने त्या बाईवर क्लिक केलं, तर एक पीडीएफ डाउनलोड झाली.

३१२ माणसं एका दालनात आणि कोणी कोणाशी बोलत नाही! स्मशानात सुद्धा लोक यापेक्षा जास्त बोलतात राव.

ज्यांनी ते बनवलं त्यांना हसायचा मला फारसा अधिकार नाही. मीही पोटासाठी स्क्रीनच बनवतो आणि त्याला ‘अनुभव’ म्हणतो. पण लॉबी या प्रकाराबद्दल माझ्या मनात एक जुनी टोचणी आहे. ती आज लिहून टाकतो.

मे २०२१. माझे आजोबा गेले. कोरोनाची दुसरी लाट, माणसं जमवायची सोयच नव्हती, म्हणून ऑनलाइन शोकसभा ठरली. घरातला एकुलता एक आयटीवाला म्हणून होस्ट मी. नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली, पण घरच्यांच्या मते ‘तो कॉम्प्युटरचं सगळं बघतो’. लिंक कुठकुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरलेली, त्यामुळे मी शहाण्यासारखी वेटिंग रूम चालू ठेवली. नाव ओळखीचं दिसलं की आत घ्यायचं. सुरुवातीला सगळं नीट चाललं. मग आत्या बोलायला लागली, तिचा आवाज तुटत होता, मी त्या गडबडीत. तेवढ्यात दारात एक नाव आलं: ‘रेडमी नोट ८’. हे कोण बुवा? राहू दे, नंतर बघू, म्हटलं.

पन्नास मिनिटांनी मी सभा बंद केली तेव्हाही ‘रेडमी नोट ८’ दारातच होतं.

संध्याकाळी उलगडा झाला. ते आजोबांचे बँकेतले मित्र होते. ऐंशीच्या पुढचे, नातवाचा फोन घेऊन बसलेले. दोघांची नोकरी शेजारशेजारच्या टेबलांवर गेली होती. काय बोलायचं ते त्यांनी कागदावर लिहून ठेवलं होतं. मी फोन केला, माफी मागितली. ते म्हणाले, "अरे असू दे रे. मला वाटलं, आत घरची माणसं बोलतायत, आटोपलं की बोलावतील."

यावर काय बोलणार? मी "हो आजोबा" म्हटलं आणि फोन ठेवला.

आता माझ्यातला इंजिनिअर बाहेर येतो, सांभाळून घ्या. ही वेटिंग रूम मुळात स्वागतासाठी बनलेलीच नाही. २०२० च्या मार्चमध्ये सगळं जग एकदम व्हिडिओ कॉलवर आलं आणि पाठोपाठ आगंतुक लोक मीटिंगमध्ये घुसून वाट्टेल ते दाखवायला लागले. झूमने एप्रिल २०२० मध्ये फुकट खात्यांसाठी पासवर्ड आणि वेटिंग रूम आपणहून चालू करून टाकली. आपल्या गृह मंत्रालयाने त्याच महिन्यात सूचनापत्रक काढलं, त्यातही वेटिंग रूम चालू ठेवा असंच सांगितलं होतं. तेव्हा ते बरोबरच होतं. पण म्हणजे ही खोली सोसायटीच्या गेटवरची वॉचमनची केबिन आहे. ‘कोणाकडे जायचंय? नाव लिहा. थांबा, विचारतो.’ वॉचमनचं काम वॉचमनने चोख केलं. चूक आपली, की आपण त्याच केबिनला ओसरी समजलो.

ओसरीवर आणि या खोलीत फरक काय? डेव्हिड मेस्टर नावाच्या माणसाचा १९८५ चा एक लेख आहे, रांगेत थांबणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं यावर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की रिकामं थांबणं जास्त लांब वाटतं. किती वेळ ते माहीत नसेल तर आणखी लांब. कारण कळलं नाही तर आणखीच. मनात धाकधूक असली तर विचारूच नका, आणि एकट्याने थांबणं चौघांत थांबण्यापेक्षा लांब वाटतं. आता वेटिंग रूम आठवा. करायला काही नाही, किती वेळ ते माहीत नाही, कारण माहीत नाही, आपण बरोबर लिंकवर आहोत की नाही ही धाकधूक आहेच. आणि सगळ्यात कहर म्हणजे शेजारी आणखी दहा जण थांबलेले असले तरी ते एकमेकांना दिसत नाहीत! मेस्टरचा लेख समोर ठेवून कोणी मुद्दाम उलटं डिझाइन करायला बसला असता, तरी इतकं जमलं नसतं :)

याउलट आपली नाट्यगृहं घ्या. दादरचं शिवाजी मंदिर किंवा पुण्याचं बालगंधर्व (ते १९६८ सालचं, म्हणजे माझ्या बाबांपेक्षाही मोठं). लॉबीत धड बसायला जागा नसते. पंखा लांब कुठेतरी. पण हातात बटाटावडा असतो, ‘अरे तू इथे कसा?’ असतं, आणि मग पहिली घंटा होते. दुसरी होते. तिसरी झाली की पडदा. घंटा म्हणजे काय, तर थांबलेल्या माणसाला दिलेलं स्टेटस अपडेट! तेही तिकीट दहा रुपयांचं असो की पाचशेचं, सगळ्यांना सारखं. लग्नातही तेच. कार्यालय कितीही साधं असो, दारात कोणीतरी आत्या नाहीतर मावशी गुलाबपाणी घेऊन उभी असते. त्या गुलाबपाण्याने शर्टावर डाग पडतात ही गोष्ट वेगळी. पण ती आपल्याला ओळखते, किंवा निदान ‘तुम्ही मुलीकडचे ना?’ असं विचारते. तेवढ्यात माणूस आत आलेला असतो.

म्हणून माझं आता ठाम मत झालंय, की ऑनलाइन कार्यक्रमाची लॉबी हे डिझायनरचं काम नाही, दारातल्या माणसाचं आहे. २०२० पासून गॅदरसारखी प्रकरणं आली, ज्यात तुमचं बाहुलं नकाशावर फिरतं आणि जवळ गेलं की समोरच्याचा आवाज येतो. कल्पना झकास आहे, मी वापरलंय, मित्रांबरोबर मजा येते. पण माझ्या आईला त्या बाहुल्याला चालवत टेबलापर्यंत नेता नेता कार्यक्रम संपेल.

आमचा एक छोटा वाचनगट आहे. पुणे, बंगळुरू, न्यू जर्सी अशी पांगलेली वीस-पंचवीस माणसं, महिन्यातून एका रविवारी भेटतो. भारतातले संध्याकाळी साडेसातला चहा घेऊन बसतात, तिकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा असतात. तिथे मी वेटिंग रूम बंदच करून टाकली. पासवर्ड ठेवला, स्क्रीन शेअर फक्त होस्टला. एवढ्या लहान गटाला तेवढं कुलूप पुरतं. हा सल्ला पाचशे लोकांच्या उघड्या कार्यक्रमाला लागू नाही, तिथे केबिन हवीच. पण मग केबिनमध्ये बसायला एक वेगळा माणूस द्या. बोलणारा, स्लाइड दाखवणारा आणि दार उघडणारा एकच असेल तर माझ्यासारखं होतं.

आमची लिंक वीस मिनिटं आधी उघडते. स्क्रीनवर एक साधी पाटी: ‘७:३० ला सुरू. आत्ता गप्पा.’ सव्वासातला मी खरंच घंटा वाजवतो, आईच्या देवघरातली. पहिल्यांदा लोक हसले, आता एखाद्या वेळी विसरलो तर विचारतात. आलेल्याला नावाने हाक मारायची हा नियम, आणि ‘आवाज येतोय का?’ च्या पुढे निदान एक प्रश्न विचारायचा. कोण कुठून बोलतंय, तिकडे पाऊस आहे का, काहीही चालतं. दहा-बाराच्या वर माणसं झाली की मात्र हे कोसळतं. सगळे एकदम बोलतात किंवा सगळे एकदम गप्प. मग तीन-तीन, चार-चारच्या खोल्या करून देतो. काही जणांना ते अजिबात आवडत नाही, ते कॅमेरा बंद करून ‘जेवतोय’ म्हणतात. म्हणू देत. थिएटरबाहेर सुद्धा कोपऱ्यात मोबाईल बघत उभं राहणारे असतातच, मीच असतो बऱ्याचदा.

आणि निमंत्रणात लिंकच्या खाली एक फोन नंबर: ‘आत येता आलं नाही तर इथे फोन करा.’ बस. या सगळ्या खटाटोपात सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच निघाली, आणि तिच्यासाठी एक ओळही कोड लिहावा लागला नाही.

त्या आजोबांना मी मागच्या वर्षी गटात यायचा आग्रह केला. म्हटलं, तुम्ही नुसतं ऐकायला या. पहिल्या रविवारी सात वाजून बारा मिनिटांनी ‘रेडमी नोट ८’ आलं. (फोन नातवाने त्यांनाच देऊन टाकलाय. नाव बदलून देतो म्हटलं तर नको म्हणाले.) मी म्हटलं, "या आजोबा." त्यांनी आधी कपाळ दाखवलं, मग पंखा, मग चेहरा. आणि विचारलं, "सुरू झालं का? की थांबायचंय?"