पाप धुण्याचा मक्ता

काशीला रामघाटाच्या पायऱ्या उतरताना आपल्या मराठी यात्रेकरूच्या मनात शंका नसते. भावाची लाटलेली जमीन असो की सुनेचा छळ, एका बुडीत सगळं गंगार्पण! पुढे रामनगरचा किल्लाही तो पाहून येतो. त्याच रामनगरात गुन्ह्याचा ठपका असलेल्या मुलांचं सरकारी निरीक्षणगृह आहे. ते त्याच्या यादीत नसतं. गावी परतल्यावर मात्र सोळाव्या वर्षी मोबाइल चोरलेल्या पोराला हा पुण्यवान दुकानाच्या फळीवर चढू देत नाही.

कायदा या बाबतीत गंगेहून उदार आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ म्हणतं, मूल दोषी ठरलं तरी त्यापायी कुठली अपात्रता त्याला चिकटू नये, अपिलाची मुदत सरली की नोंदही नष्ट करावी. अपवाद, घोर गुन्ह्यात बाल न्यायालयाने दोषी ठरवलेल्या सोळा वर्षांवरील मुलांचा. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठीही पोलिसांनी जुनी नोंद सांगायची नाही, हे कलम ७४. वस्तीतली दुचाकी चोरीला गेली की हवालदार तरीही आधी त्या पोराच्याच दारात.

अशा पोराला सुधारण्यासाठी आपण कसब शिकायला घालतो. मग विचारतो, वायरमनचा वर्ग यानं अर्ध्यावर का सोडला? शिकताना मजुरी मिळत नाही आणि घरची चूल रोजंदारीवर पेटते. बाल न्याय मंडळाची तारीख पडली की खाडा. खाडे साचले की नाव कमी. वर्गात पक्कड सापडेना झाली की पहिली झडती कुणाची, हे सांगायला नकोच. इतकं सोसून तो टिकलाच, तर पुढे काम द्यायला कोण बसलंय? आपण गळतीच्या अहवालात लिहितो : 'मुलाला शिस्त नाही.'

कसब शिकवण्यात आपण मागे नाही. मुंबईत ससूनची सुधारशाळा १८५७ सालची. सोलापूरच्या सेटलमेंटमधली, गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेली माणसं तारेच्या कुंपणातून गिरण्यांत राबायला जात; काम त्यांना उत्तम येत होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. त्याच जमातींतल्या पारध्याच्या पोराकडे बघण्याची आपली नजर गेली का?

पुढचा गळतीचा अहवाल लिहिणाऱ्यांनी 'कारण' या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखावेत : दारात पोलीस किती वेळा आले, मजुरी किती दिवस बुडाली आणि कुठल्या मालकानं परत पाठवलं. मालकाचं नाव पूर्ण लिहावं.